मालविना नावाच्या सपाता

सर्बियातल्या सोम्बोर गावात झिवान मालेशेव्हचे दुकान कुठे आहे असे विचारले, तर सांगणारा आधी विचारणाऱ्याच्या पायांकडे पाहतो. मग म्हणतो, "सरळ जा. कातड्याचा आणि खळीचा वास आला की थांब." दुकानावर पाटी नव्हती. बावन्न वर्षांत कधीच नव्हती. पाटी परक्या माणसासाठी असते, आणि घरात घालायच्या सपाता घ्यायला परका माणूस सोम्बोरला कशाला येईल, असा झिवानचा विचार होता.

गावात एके काळी अकरा सपातावाले होते. आता झिवान एकटा उरला होता. वय एकाहत्तर, पाठीला थोडा बाक, उजव्या हाताचे आंगठ्याजवळचे बोट आरीच्या टोचण्यांनी दगडासारखे झालेले. मखमलीचा वरचा भाग, आत लोकरीचे अस्तर, खाली कातड्याचा तळ. एक जोड करायला दीड दिवस लागे, आणि तो जोड फाटायला पंधरा वर्षे. धंदा वाढत नसे तो त्यामुळे, असे त्याची मेव्हणी यूला म्हणे. "भावोजी, तुमची एकच चूक आहे. तुम्ही चांगल्या करता."

गावातल्या कुणाच्याही घरी गेले की दारात बूट काढायचे आणि बाजूच्या वेताच्या टोपलीतून एक जोड उचलून पायांत सरकवायचा. त्या टोपल्यांतले निम्म्याहून जास्त जोड झिवानचे असत. पण ते झिवानच्या नावाचे नव्हते. आत, टाच टेकते त्या जागी, लाल दोऱ्याने 'मालविना' असे नाव शिवलेले असे.

मालविना ही झिवानची बायको. जातीची हंगेरियन, गावातलीच. सपाता तो शिवायचा, नाव ती घालायची. नाव वर, दिसेल असे घालावे असे झिवानचे म्हणणे होते. तिने ते उडवून लावले होते. "माझं नाव लोकांच्या नाकासमोर कशाला? टाचेखाली बरं आहे. कळायचं ते टाचेला कळेल."

मात्र १९९८ साली दुसऱ्या गावच्या बाजारात एक माणूस पुठ्ठ्याच्या तळाच्या सपाता 'मालविना' म्हणून विकू लागला, आणि एक बाई तसली उसवलेली सपात हातात धरून थेट तिच्या दारात भांडायला आली, तेव्हा मालविनाचा लाजरेपणा संपला. "माझं नाव लोकांच्या पायांत उसवतंय, आणि तू इथे खळ ढवळत बसलायस!" झिवान त्याच दिवशी गावातल्या वकिलाकडे गेला आणि त्याने ते नाव घरगुती सपातांचा ट्रेडमार्क म्हणून बेलग्रेडला नोंदवून घेतले. प्रमाणपत्र दुकानात कॅलेंडरशेजारी टांगले. दर दहा वर्षांनी मुदत वाढवायची असते, तीही त्याने दोनदा, तारीख न चुकवता वाढवली. २०२० च्या मार्चमध्ये मालविना गेली. त्यानंतर नाव तो स्वतःच शिवू लागला.

तिकडे डेन्मार्कमध्ये एक मोठी कंपनी होती. तीही घरात घालायची लोकरीची पादत्राणे करी, आणि तिचेही नाव मालविना होते. संस्थापकाच्या आजीचे. कंपनीने सर्बियात दुकाने उघडायचे ठरवले. शहाणी कंपनी नव्या देशात पाटी लावण्याआधी तिथले रजिस्टर उघडून पाहते. यांनीही पाहिले, आणि पाहिले तर आजी आधीच सोम्बोरला बसलेली.

कंपनीने रीतीप्रमाणे झिवानला पत्र पाठवले: नाव विकणार का? पत्र इंग्रजीत होते. झिवानला वाटले जाहिरात आहे. पण कागद जाड आणि कडक होता, फेकवेना. त्याने त्यातून बेचाळीस नंबरच्या तळाचा नमुना कापला. दोन महिन्यांनी दुसरे पत्र आले. त्याचा अडतीस नंबरचा झाला. तिसऱ्याची तो वाटच पाहत होता, कारण चाळीसचा नमुना फार झिजला होता.

तिसरे आले ते सप्टेंबर २०२४ मध्ये. रजिस्टर्ड, सर्बियन भाषेत, शिक्क्यासह. झिवानने ते उभ्याने वाचले, मग बसून वाचले, आणि सायकलवर टांग टाकून तो वकिलाकडे निघाला. जुने वकील आता हयात नव्हते. त्यांची मुलगी देसांका ऑफिस चालवत होती.

"काका, आधी बसा. धापा टाकू नका. कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही. मी मालविना वापरत नाही म्हणे! पाच वर्षं! मी!"

देसांकाने पत्र वाचले. चष्मा काढला. "हं. वाईट आहे."

"खोटं आहे!"

"खोटं असेल, पण वाईट आहे. काका, कायदा असा आहे की नाव नोंदवून नुसतं कपाटात ठेवता येत नाही. सलग पाच वर्षं वापरलं नाही, तर कुणीही उठून म्हणू शकतो, काढा ते रजिस्टरमधून. आणि वापरत नाही हे त्यांनी सिद्ध करायचं नाही. वापरतो हे आपण सिद्ध करायचं."

"आणि नाही जमलं तर?"

"नाव निघेल. मग ते डॅनिश लोक नोंदवतील. त्यानंतर तुम्ही टाचेखाली ते शिवलंत, तर ते तुमच्यावर दावा लावतील."

"माझ्या बायकोचं नाव मी लिहिलं म्हणून माझ्यावर दावा?"

"हो."

"मी तिच्याशी लग्न केलं चर्चमध्ये. त्यांनी कुठे केलं?"

"काका, ते उत्तरात लिहिता येणार नाही. पुरावे काढा. जाहिरात?"

"कशाला? सगळ्यांना माहीत आहे."

"पाटी?"

"सगळ्यांना माहीत आहे."

"विक्रीचे कागद?"

जुन्या हस्तकलेला पावती फाडायची सक्ती नव्हती, आणि सक्ती नसताना झिवानने आयुष्यात कातड्याखेरीज काही फाडले नव्हते.

"फोटो तरी?"

फोटो होते. झिवानच्या घरच्या कुलसंताचा दिवस, म्हणजे स्लावा, सोळा नोव्हेंबरला असे, आणि दरवर्षी जेवणानंतर सगळ्या पाहुण्यांचा एक फोटो निघे. झिवानने ते सगळे आणले. देसांकाने टेबलावर मांडले. प्रत्येकात वीस-बावीस माणसे, तृप्त चेहरे, आणि खाली चाळीस-चव्वेचाळीस पाय सपातांत.

"नाव कुठे आहे?"

"टाचेखाली."

"म्हणजे दिसत नाही."

"पाय काढला की दिसतं."

"काका," देसांका म्हणाली, "हे फक्त पाय आहेत."

मग त्याने गावभर फिरून दोन पोती सपाता गोळा केल्या. लोकांनी आनंदाने दिल्या. काहींनी जाता जाता शिवूनही मागितल्या. देसांकाच्या ऑफिसात ढीग पडला. ती एकेक जोड उलटा करून विचारी, "हा कधी विकला?" आणि झिवान म्हणे, "मागे." सपातेवर तारीख नसते. वीस वर्षांची सपात आणि दोन वर्षांची सपात यांत फरक फार तर झिवानला कळे, आणि झिवानचा शब्द हा पुरावा नव्हता, कारण खटला त्याच्यावरच होता. ढीग आवरायला आलेली यूला मात्र एक जोड हातात धरून म्हणाली होती, "ही ताईची अक्षरं. मोत्यासारखी. आणि ही भावोजींची. राकिया पिऊन घरी निघाल्यासारखी." झिवानला राग आला होता. देसांकाने तेव्हा तिकडे लक्ष दिले नाही.

अशा मनःस्थितीत सोळा नोव्हेंबर उजाडला. वार शनिवार.

स्लावाला कुणाला बोलावत नाहीत. ज्याला यायचे तो येतो, आणि आलेल्याला तू कोण, कशाला आलास असे विचारत नाहीत. नेमक्या याच दिवशी, सकाळी अकरा वाजता, डॅनिश कंपनीच्या वकिलांनी नेमलेला एक चौकशी करणारा माणूस बेलग्रेडहून सोम्बोरला पोचला. नाव रातोमिर, वय पस्तीस, स्वभाव काटेकोर. त्याचे काम सोपे होते. गिऱ्हाईक म्हणून जायचे, 'मालविना' सपाता मागायच्या, मिळतात की नाही ते लिहायचे. दुकान बंद होते. मागच्या घरातून माणसांचा आवाज येत होता. त्याने घंटी वाजवली.

झिवानने दार उघडले आणि त्याला वाटले, हा कुणाचा तरी जावई. "ये, ये! उशीर केलास! कोट दे. बूट काढ." पायाकडे एक नजर टाकून त्याने टोपलीतून त्रेचाळीसचा जोड उचलला. पाय पाहिला की नंबर झिवानला अचूक कळे. माणूस मात्र चेहरा पाहूनही कळत नाही, असे यूलाचे मत होते.

रातोमिरने आत पाऊल टाकले. टेबलावर उंच मेणबत्ती जळत होती. शेजारी नक्षीचा पाव होता. बेलग्रेडचा असला तरी तो सर्बच होता. आता मागे फिरणे शक्य नव्हते. जळत्या मेणबत्तीसमोरून न जेवता जाणे म्हणजे घराच्या तोंडावर थुंकण्यासारखेच. त्याने छातीवर क्रॉसची खूण केली, साखर-अक्रोड घातलेला उकडलेला गहू एक चमचा तोंडात टाकला, आणि मग कामाला लागावे म्हणून घसा साफ केला.

"मला खरं तर सपाता विकत हव्या होत्या."

झिवानने त्याच्याकडे असे पाहिले की जणू त्याने चर्चमध्ये बिअर मागितली. "विकत? आज? आज इथे काही विकलं जात नाही! बस."

"म्हणजे... तुम्ही विकत नाही?"

"या घरात? माझ्या आजोबांपासून नाही! यूला, याला सूप वाढ."

"आणि या पायांतल्या?"

"त्या तुला घातल्या. येणाऱ्याला मी पैसे मागू? कुणी वाढवलं रे तुला?"

रातोमिरने विचारले, स्वच्छतागृह कुठे आहे. तिथे दार लावून त्याने खिशातली वही काढली आणि सगळे शब्दशः लिहिले. कामाची शिस्त तशी होती: ऐकले की दहा मिनिटांत टिपायचे.

बाहेर आला तर सूप निवत होते आणि पाहुणे रंगात आले होते. शेजारी बसलेले दातांचे डॉक्टर लाझा त्याच्या पायांकडे पाहून म्हणाले, "मालविना? मी मागच्या हिवाळ्यात बारा जोड घेतले दवाखान्यासाठी. पेशंट बूट काढतो, या घालतो, आणि अर्धी भीती तिथेच जाते. पण या म्हाताऱ्याने फेब्रुवारीपर्यंत थांबवलं मला! पैसे हातात घेऊन उभा होतो!"

"घाई असेल त्याने पुठ्ठ्याच्या घ्याव्यात," झिवान टेबलाच्या त्या टोकावरून ओरडला.

"मी सुनेसाठी घेतल्या, मागल्या वर्षी," चर्चच्या गायनवृंदाच्या बाई म्हणाल्या. "तिला आवडल्या नाहीत. त्यामुळे मला आवडल्या."

रातोमिर पुन्हा उठला. परत आला. कोबीच्या पानांत खिमा गुंडाळलेली सार्मा खाल्ली. पुन्हा उठला. तिसऱ्यांदा तो निघाला तेव्हा यूलाच्या मनात शंकाच उरली नाही. तिने चुलीवर पुदिन्याचा चहा ठेवला आणि तो बाहेर येताच सगळ्यांसमोर त्याच्या हातात पेला दिला. "लाजू नकोस, बाळा. बेलग्रेडच्या पाण्याने होतं असं. सार्मा हळू खा." बावीस माणसांनी त्याच्याकडे कळवळून पाहिले. डॉक्टर लाझांनी आपण फक्त दातांचे आहोत याबद्दल दिलगिरी व्यक्त केली.

सहा वाजता तो निघाला तर दारात त्याचे बूट नव्हते. काळ्या बुटांच्या ढिगातून डॉक्टर लाझा त्याचे घालून गेले होते आणि आपले एकेचाळीसचे मागे ठेवून गेले होते. स्लावाला असे दरवर्षी एकदा तरी होते. रातोमिर बेलग्रेडपर्यंत सपाता घालून गाडी चालवत गेला. त्याला पहिल्यांदाच जाणवले की गाडी चालवताना पाय दुखत नाहीत.

डिसेंबरात देसांकाने झिवानला बोलावले. समोर दोन पानांचा अहवाल होता. तिने वाचून दाखवला. "मालकाने स्वतः सांगितले की येथे काही विकले जात नाही. आजोबांच्या काळापासून विकले जात नाही. सपाता येणाऱ्याला विनामूल्य घातल्या जातात."

"कोण म्हणतो?"

"तुम्ही म्हणता. कुणी रातोमिर नावाचा माणूस लिहितो. सोळा नोव्हेंबरला, तुमच्या घरी."

झिवानचा चेहरा हळूहळू बदलला. "त्रेचाळीस नंबर! यूलाने त्याला चहा केला होता!"

"काका, तुम्ही असं बोललात?"

"बोललो. खरंच बोललो. स्लावाच्या दिवशी कोण विकतं? तू विकशील?"

"कोपनहेगनमध्ये त्यांना स्लावा माहीत नाही. त्यांना एवढंच कळलं की मालक स्वतः कबूल करतो. काका, यातला एकही शब्द खोटा नाही. म्हणूनच तर वाईट आहे."

झिवानला खटल्याचे जेवढे वाटले नाही तेवढे याचे वाटले. माझ्या मेणबत्तीसमोर बसला, माझा गहू खाल्ला, आणि माझ्याविरुद्ध लिहिले. घरी यूलाला सांगितले तेव्हा ती स्वयंपाकघरात भांडी जोरात ठेवत म्हणाली, "आणि मी पुदिना घातला! ताईने लावलेला!"

दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी त्याची नजर दाराजवळच्या बुटांवर गेली. डॉक्टर लाझा दिवसभर बदकासारखे चालून दुसऱ्याच दिवशी ते परत देऊन गेले होते. कुणाचे ते आतापर्यंत कळत नव्हते. आता कळले होते, आणि पत्ता तर अहवालावरच छापलेला होता.

झिवानने बूट उचलले. उजवी टाच एका बाजूने झिजली होती. तो थोडा वेळ ती पाहत राहिला. मग बसला, दोन्ही टाचा काढून नव्या घातल्या, पॉलिश केले, खोक्यात घालून पोस्टाने पाठवले. सोबत चिठ्ठी होती: 'तुझे बूट. टाचा बदलल्या. झिवान.'

"शिवी तरी लिहायची एक," यूला म्हणाली.

"कशाला? टाच चांगली बसवली आहे."

बेलग्रेडमध्ये खोके रातोमिरच्या आईने उघडले. तिला सगळी हकिगत हवी होती, आणि मुलगा काटेकोर असल्यामुळे त्याने सगळी सांगितली. त्यानंतर तिने त्याच्याशी जे बोलणे केले ते लिहिण्यासारखे नाही. त्याचा शेवट असा होता: "तू लोकांच्या स्लावाला जेवून त्यांच्यावर कागद लिहितोस? तुझ्या वडिलांनी हे ऐकायला नको होतं म्हणून देवाने त्यांना आधी नेलं." वडील शेजारच्या खोलीत टीव्ही पाहत होते.

आठवड्याने झिवानला एक कार्ड आले. 'बूट मिळाले. आभार. काका, अहवालाची शेवटची ओळ वाचावी.'

देसांकाने अहवाल पुन्हा काढला. अगदी तळाशी, सहीच्या वर, बारीक अक्षरात एक नेहमीची ओळ होती: मूळ टिपणे मागणी केल्यास सादर करण्यात येतील. असल्या ओळी कुणी वाचत नाही. कोपनहेगनने वाचली नव्हती, त्यांच्या बेलग्रेडच्या वकिलांनी वाचली नव्हती, आणि देसांकानेही, हे तिने झिवानला सांगितले नाही, वाचली नव्हती. तिने त्याच दुपारी मागणीचा अर्ज केला.

टिपणे आली. चौदा पाने, गुडघ्यावर वही ठेवून लिहिलेले अक्षर. त्यात सगळे होते. डॉक्टर लाझा, बारा जोड, मागचा हिवाळा, पैसे देऊन, फेब्रुवारीपर्यंत थांबावे लागल्याची तक्रार. गायनवृंदाच्या बाई, मागले वर्ष, सून. असे सात जण, नावानिशी. सपातेच्या आत टाचेखाली 'मालविना' असे लाल दोऱ्याचे नाव, अक्षरे उजवीकडे बरीच कललेली. मध्येच 'सार्मा उत्तम' आणि शेवटच्या पानावर 'खसखशीची श्ट्रूडल, दोन वेळा'.

"काका," देसांका म्हणाली, "तुमच्यासाठी आजवर कुणी एवढं लिहिलं नसेल."

एप्रिलमध्ये बेलग्रेडला सुनावणी झाली. झिवान लग्नातला सूट घालून गेला. कंपनीचे वकील हुशार होते. ते म्हणाले, पाहुणे मित्र असतात, मित्र काहीही सांगतात. या सपाता दहा वर्षांपूर्वीच्या नाहीत कशावरून? सपातेवर तारीख आहे का?

देसांकाने पिशवीतून दोन जोड काढून अधिकारीबाईंच्या टेबलावर ठेवले. मग झिवानला विचारले, "यातली सरळ अक्षरं कुणाची?"

"मालविनाची."

"आणि ही वाकडी?"

"वाकडी नाहीत. जराशी कललेली आहेत."

अधिकारीबाईंनी चष्म्यावरून पाहिले. "मालेशेव्ह, वाकडी आहेत."

झिवानने आपल्या हातांकडे पाहिले. बावन्न वर्षांत त्याच्या शिलाईला कुणी नाव ठेवले नव्हते. खोलीत सगळे वाट पाहत होते. "वाकडी आहेत," तो म्हणाला. "माझी आहेत. ती होती तोवर मी कधी नाव शिवलं नाही. हात लावू द्यायची नाही."

"कधीपर्यंत होत्या त्या?" देसांकाने विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता एक कागद पुढे सरकवला. मालविनाचा मृत्यूचा दाखला. अकरा मार्च २०२०.

म्हणजे वाकड्या नावाची प्रत्येक सपात त्या तारखेनंतरची होती. पाच वर्षांच्या मुदतीच्या आतली. आणि रातोमिरच्या टिपणांत, कंपनीनेच पैसे देऊन मिळवलेल्या टिपणांत, अक्षरे उजवीकडे बरीच कललेली असे स्वच्छ लिहिले होते. कंपनीच्या वकिलांनी टिपणांची पाने पुढे-मागे केली आणि मग खाली ठेवली.

परतीच्या बसमध्ये झिवान खिडकीबाहेर पाहत होता. मग म्हणाला, "लाईट बिल, पेन्शन, घराचा कर, सगळे कागद तीच पाहायची. मला कधी काही करावं लागलं नाही."

"आजही लागलं नाही," देसांका म्हणाली.

जूनमध्ये निकाल लागला. नाव झिवानचेच राहिले. देसांकाने त्याला ताबडतोब पाटी लावायची ताकीद दिली. झिवानने लावली. दाराला, जमिनीपासून वीतभर उंचीवर. यूला म्हणाली ती कुत्र्यांसाठी आहे. झिवान म्हणाला, मालविनाला यापेक्षा वर चालले नसते.

सोळा नोव्हेंबर पुन्हा आला. या खेपेला रविवार. सूप वाढून होत होते तेवढ्यात घंटी वाजली. दारात रातोमिर उभा होता, हातात वाईनची बाटली, पायांत तेच बूट. त्याच्याबरोबर उंच, पांढऱ्या केसांची एक बाई होती. डॅनिश कंपनीतली तोवे. नव्या देशांचे काम तिच्याकडे असे. रातोमिर दारातच म्हणाला, "काका, मी पाहुणा म्हणून आलो आहे. वही गाडीत ठेवली आहे."

"बूट काढ," झिवान म्हणाला. "आणि या वेळी आत, कपाटात ठेव. लाझा आलाय."

"याला सार्मा कमी वाढा," यूला आतून ओरडली.

तोवेने मेणबत्तीसमोर मान झुकवली, गहू खाल्ला आणि भेट म्हणून आपल्या कंपनीच्या सपातांचा जोड दिला. झिवानने एक सपात उलटी केली, वाकवली, शिवण ओढून पाहिली, अस्तरात बोट घातले. "लोकर चांगली आहे," तो म्हणाला. "शिवण मशीनची, पण प्रामाणिक आहे." मग वर पाहिले. पायाच्या चवड्यावर मोठ्या अक्षरांत नाव होते. "नाव मात्र चुकीच्या जागी."

रातोमिरने हे भाषांतर करून सांगितले. तोवे हसली. मग ती सावकाश बोलू लागली आणि रातोमिर सांगू लागला. सध्या सर्बियात त्यांनी दुसऱ्या नावाने दुकान उघडले आहे. चालत नाही. लोक विचारतात, ही मालविना का नाही? तर मालेशेव्ह महाशयांनी एकदाच मोकळेपणाने सांगावे, नावासाठी त्यांना काय हवे. जो आकडा ते म्हणतील तो.

बावीस चमचे थांबले. झिवानने मेणबत्तीकडे पाहिले.

"आज इथे काही विकलं जात नाही."

सगळ्यांत आधी रातोमिरच हसला. त्याला भाषांतर करायला जरा वेळ लागला.

"मग उद्या?" तोवेने विचारले.

"उद्या सोमवार. आठला दुकान उघडतं. सपाता हव्या असतील तर यावं. नाव मी कधीच विकत नाही. पाय अडतीसचा आहे ना?"

तोवेने मान डोलावली. तो अडतीसचाच होता.

सोमवारी आठ वाजता ती दोघे आली. वाकून पाटी वाचली आणि आत आली. झिवानने तिला स्टुलावर बसवले आणि भिंतीवरच्या खिळ्याला लटकणाऱ्या नमुन्यांतून अडतीसचा काढून कातड्यावर ठेवला. तोवे पुढे झुकली. जाड, कडक कागद होता. टाचेच्या जागी तिच्या कंपनीचे चिन्ह होते, आणि चवड्याच्या गोलाईत अर्धी कापली गेलेली तिची स्वतःची सही.

तिने काहीतरी विचारले. "वाचलं होतं का, असं विचारतायत," रातोमिर म्हणाला.

"वाचता कुठे येतं? पण कागद उत्तम आहे. दोन वर्षं झाली, कडा अजून सरळ. त्यांना सांग, चाळीसचा राहिलाय. आणखी एक पाठवलं तर बरं होईल."

सपाता दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तयार झाल्या. गर्द निळी मखमल. नाव घालायची वेळ आली तेव्हा झिवानने दिवा जवळ ओढला, चष्मा पुसला आणि खडूने एक सरळ रेघ मारून घेतली. परदेशची बाई, तिच्यासाठी तरी अक्षर नीट यावे.

सपाता न्यायला आलेल्या रातोमिरने वाकून ती रेघ बोटाने पुसून टाकली. "वाकडंच घाला, काका. सरळ घातलंत तर देसांकाबाई मला पुन्हा चौदा पानं लिहायला लावतील."